एका ताटलीला एक महिना

विलो बेंड, सस्कॅचेवान
४ सप्टेंबर २००१

श्रीमती लेस्या हावरिलाक यांस,

तुमचा मार्को काल दुपारच्या बसने सुखरूप पोचला. चौदा तास बसून आलेलं पोर आधी आडवं होईल म्हणून मी वरची खोली आवरून ठेवली होती, पण त्याने दारातच विचारलं, फ्रीज कुठे आहे. चार लिटर दूध आज सकाळपर्यंत संपलं. तुम्ही संकोच करू नका. याआधी आमच्याकडे नऊ मुलं राहून गेली, सगळी बर्फावरच्या हॉकीचीच, आणि सगळ्यांची पोटं मला पाठ आहेत.

मी व्हेर्ना टॉलेफसन. एकतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं, गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय म्हणून सगळे मला बाईच म्हणतात, तुमचा मार्कोही कालपासून तेच म्हणायला लागलाय. आमचे हे, आर्व्हिड, रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतात. माणूस अबोल आहे, यंत्राशी मात्र बोलतो. आम्हाला मूल नाही. टीम दरवर्षी लांबलांबची मुलं आणते आणि ती आमच्यासारख्यांच्या घरी राहून शाळा आणि खेळ दोन्ही करतात. त्यातला कोणी मोठ्या लीगमध्ये गेला की त्या घराचं गावात नाव होतं. आमच्या नऊपैकी कोणी गेला नाही. ज्या बसने आले त्याच बसने परत गेले.

तुमची चिठ्ठी मोज्यांच्या जोडीत गुंडाळलेली सापडली. दोनदा वाचली. खाणीत तुमच्या यजमानांच्या डोक्यावर दगड पडला, त्यानंतर ते चार वर्षं जगले आणि त्यातली शेवटची दोन वर्षं तुम्हाला बहिणीच्या नावाने हाक मारत होते, हे वाचून मी खुर्ची ओढून बसलेच. तुम्ही एकच गोष्ट मागितली आहे. हात मोडला, दात पडले, तर तुमचं तुम्ही बघा, पण मार्कोच्या डोक्याला लागलं तर त्याच दिवशी मला फोन करा.

शब्द देते. फोनच्या वर भिंतीवर तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून लावला आहे.

व्हेर्ना टॉलेफसन

ता.क. काल झोपताना उशीत तोंड खुपसून रडला थोडा. सगळे रडतात. तिसऱ्या दिवशी थांबतात.


१८ नोव्हेंबर २००१

प्रिय लेस्या,

फोनवर तूच म्हणालीस म्हणून अहोजाहो सोडते. तू पाठवलेलं, मैद्याच्या पारीत बटाटा भरलेल्या वारेनिकीचं खोकं पोचलं. बसवाल्याने ते इंजिनाच्या बाजूला ठेवलं असावं, खालचा थर वितळून एकच मोठा गोळा झाला होता. मार्कोने तो गोळाही लोण्यात परतून खाल्ला. मला म्हणाला, 'बाई, तुमचे बटाटे चांगले असतात, पण आईच्या बटाट्यांना अंगावर कपडे असतात.' मी म्हटलं, मग उद्यापासून उघडेच खा. आता आमच्याकडे ताटात बटाटा आला की आर्व्हिडसुद्धा विचारतात, कपडे कुठे गेले.

खेळाचं विचारलंस. कोचने त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, 'हावरिलाक, देवाने तुला खांदे दिलेत, हात दुसऱ्यांना दिलेत. तू खांदे वापर.' तेव्हापासून तो धक्के देतो आणि गोल दुसरी मुलं करतात. थोडी धक्काबुक्की झाली परवा, ओठ फुटला. ओठ म्हणजे डोकं नव्हे, म्हणून फोन केला नाही.

एक गंमत सांगते. टीमचा ट्रेनर, म्हणजे मुलांच्या दुखण्याखुपण्याचं बघणारा माणूस, हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची एक तोंडी परीक्षा घेतो. वर्षाचे महिने उलटे म्हणा, पाच शब्द लक्षात ठेवा, एका पायावर उभे राहा. कोण किती अडखळलं ते लिहून ठेवतो. पुढे कोणी डोक्यावर आपटला की तीच परीक्षा पुन्हा, आणि पहिल्यापेक्षा जास्त अडखळला तर त्याला खेळू देत नाही. मोठ्या मुलांनी मार्कोला शिकवलं, पहिल्यांदाच मुद्दाम अडखळ, म्हणजे नंतर कळत नाही. सगळे तसंच करतात म्हणे, ट्रेनरलाही ठाऊक आहे. मला असा राग आला. माझ्या घरातलं मूल मुद्दाम नापास होणार? मी म्हटलं, अडखळायचं नाही, उलट असं पाठ करायचं की झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा आलं पाहिजे.

मग रोज जेवणानंतर आमची शाळा. मी ताटली धुऊन त्याच्या हातात द्यायची, त्याने पुसायची, एका ताटलीला एक महिना. आम्ही जेवणारी तीन माणसं, म्हणून उरलेल्या नऊ मी स्वच्छ असल्या तरी कपाटातून काढून धुते. 'ऑगस्टच्या आधी काय?' असं विचारलं की म्हणायचा, 'सप्टेंबर.' 'अरे, तो नंतर.' 'पण उलटं म्हणताना तोच आधी येतो ना, बाई?' आर्व्हिड वर्तमानपत्राआडून म्हणाले, 'मुलाचं बरोबर आहे.' आता मात्र डिसेंबर ते जानेवारी एका दमात म्हणतो. ताटल्यांची चकाकी पाहायला ये एकदा.

तुझी,
व्हेर्ना


२३ फेब्रुवारी २००३

प्रिय लेस्या,

रविवारी मार्को फोनवर आला नाही म्हणून तू काळजीत असशील. काही नाही, पोट बिघडलं होतं. शनिवारच्या सामन्यानंतर मुलांनी पिझ्झा खाल्ला, त्याचं झालं असेल. दोन दिवस वरच्या खोलीत पडदे लावून झोपून होता. मी सूप दिलं.

सोमवारी ट्रेनर घरी येऊन बघून गेला. मार्कोने उलटे महिने इतके भरभर म्हटले की ट्रेनर हसायला लागला, म्हणाला, 'बाई, मला तरी येतात का असे?' म्हणजे बघ, ठणठणीत आहे. मंगळवारी मोठ्या लीगचे निवड करणारे दोघं आले होते. मार्को खेळला आणि असा खेळला म्हणतेस. त्यातल्या एकाने आर्व्हिडना यंत्राजवळ गाठून विचारलं, हा पोरगा घरी कसा असतो. आर्व्हिड म्हणाले, 'ताटल्या पुसतो.' झालं, त्या माणसाने तेही लिहून घेतलं.

जूनमध्ये निवड आहे. मनात काही धरू नकोस, पण थोडं धर.

तू विचारायच्या आधीच सांगते, शर्ट उलटा घातल्याचं तुला कोणी सांगितलं असेल तर ती या वयाची धांदल आहे. मुलांचं लक्ष कुठे असतं.

व्हेर्ना


३० जून २००३

प्रिय लेस्या,

तू गेल्यावर घर रिकामं वाटतंय. दोन दिवस आपण दोघी त्या सोफ्यावर हात धरून बसलो, निवडीच्या सातव्या फेरीपर्यंत त्याचं नाव येईना, आणि आलं तेव्हा तू अशी किंचाळलीस की शेजारचा कुत्रा अजून आमच्या दाराशी येत नाही. टीव्हीवर आडनाव चुकीचं उच्चारलं. चालतंय. पोस्टातली बाई आज मला म्हणाली, 'टॉलेफसनबाई, अखेर तुमच्या घरातून एक गेला म्हणायचा.' मी म्हटलं, लेस्याच्या घरातून. पण लेस्या, खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

मार्को निघताना म्हणाला, 'मला दोन आया आहेत, एक फोनवर रागावते आणि एक समोर.' आर्व्हिडना रडू आलं, ते रिंकवर निघून गेले. जूनमध्ये बर्फ कुठला असायला.

तुझी,
व्हेर्ना


११ जानेवारी २०१०

प्रिय लेस्या,

तुझं पत्र मिळालं. उत्तर लगेच द्यायला हवं होतं, जमलं नाही.

सगळे सामने आम्ही टीव्हीवर बघतो. म्हणजे मी बघते. मार्कोने भांडायला हातमोजे टाकले की आर्व्हिड चहा करायला उठतात आणि भांडण संपेपर्यंत कितीदा किटली धुतात. मार्कोला तिथे ठेवलंय ते त्याच कामाला, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. आपल्या चांगल्या खेळाडूला कोणी हात लावला की यानं जायचं आणि त्याला धरायचं. सात वर्षं झाली. खालच्या लीगमध्ये तीन गावं, मोठ्या लीगमध्ये एक्केचाळीस सामने आणि एक गोल. तोही पक, म्हणजे ती रबरी चकती, याच्या पार्श्वभागाला लागून आत गेली म्हणून. आर्व्हिड म्हणाले, 'गोल तो गोल, पाठीने केला तरी,' आणि वर्तमानपत्रातलं ते चौकोनी चित्र कापून यंत्राच्या सुकाणूला चिकटवलं.

तो म्हणतो, अशी भांडणारी माणसं एकमेकांची वैरी नसतात. सामन्याआधी बर्फावर फेऱ्या मारताना एक विचारतो, 'आज करायचं का?' दुसरा म्हणतो, 'करू, पण उजवा खांदा दुखतोय.' 'बरं, मग उजवा धरत नाही.' आणि मग एकमेकांची तोंडं फोडतात. संपलं की पाठीवर थाप. मला हे ऐकून हसू आलं होतं. आता तितकं येत नाही.

तू विचारलंस, तो फोनवर तीच गोष्ट दोनदा सांगतो का. अगं, आर्व्हिड तीच गोष्ट चाळीस वर्षं सांगतायत. तू विचारलंस, त्याला उजेड सहन होत नाही हे मला माहीत आहे का. खोलीत काळे पडदे लावले असतील, प्रवासात झोप होत नाही म्हणून. त्याच्या बायकोला फारच बोलायची सवय आहे. तू उगाच वाईट मनात आणू नकोस. तुझ्या यजमानांच्या डोक्यावर दगड पडला होता, हा खेळ आहे.

तू असंही विचारलंस की विलो बेंडला असताना कधी डोक्याला लागलं होतं का. लागलं असतं तर मी फोन केला नसता का?

व्हेर्ना


९ मे २०१५

श्रीमती हावरिलाक,

परवा तुमचा फोन आला. 'शब्द दिला होतास' एवढंच म्हणालात आणि ठेवलात. मला बोलायची संधी दिली नाहीत म्हणून हे लिहावं लागतंय.

मार्को आता तुमच्याकडे येऊन राहिलाय, बायको सोडून गेली, डॉक्टर म्हणतात डोक्याला बसलेल्या माराचे हे परिणाम, हे सगळं ऐकून मला वाईट वाटलं. पण डॉक्टरने 'पहिला मार कधी बसला' असं विचारल्यावर त्याने 'बाईंना माहीत आहे' म्हटलं, आणि तुम्ही तेवढ्यावर मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत, हे बरोबर नाही. त्यानंतर बारा वर्षांत त्याला किती मार बसले असतील. त्या प्रत्येक वेळी तुम्हाला कोणी फोन केला का?

हो, फेब्रुवारी २००३ मध्ये त्याला लागलं होतं. पोट बिघडलं नव्हतं. त्यानेच माझे पाय धरले की आईला सांगू नका, ती मला परत नेईल, मंगळवारी निवडवाले येतायत. सतरा वर्षांच्या मुलाचं सगळं आयुष्य दोन दिवसांवर आलेलं, मी काय करायला हवं होतं? ट्रेनरने तपासलं, पास केलं. मी डॉक्टर नव्हे.

आणि जूनमध्ये माझ्याच सोफ्यावर बसून टाळ्या तुम्हीही वाजवल्यात.

व्हेर्ना टॉलेफसन

(न उघडता परत आलं. २ जून. याच पाकिटात ठेवलं आहे.)


२ डिसेंबर २०१८

लेस्या,

आर्व्हिड सोमवारी गेले. रिंकवरच, यंत्राजवळ. बर्फ अर्धा गुळगुळीत झाला होता. बाकीचा अर्धा गावच्या मुलांनी फावड्याने केला.

शेवटच्या वर्षात ते मला दोनदा म्हणाले, 'व्हेर्ना, लेस्याला लिही.' मी म्हटलं, ती उघडत नाही. ते म्हणाले, 'खरं लिहिलंस तर उघडेल.' मी भांडले. एकोणपन्नास वर्षांत तो माणूस माझ्याशी भांडला नाही, त्या दिवशीही भांडला नाही, उठून रिंकवर गेला.

हे पत्र टाकणार नाही. टाकायचं धाडस नाही.


१६ ऑक्टोबर २०२२, रविवार

लेस्या,

तू उद्या दुपारपर्यंत पोचशील. फोनवर तू 'निघते' एवढंच म्हणालीस, तेवढं मला पुरे आहे. हे पत्र पुढच्या दाराला अडकवून ठेवणार, आत यायच्या आधी वाच. समोरासमोर मला बोलता येणार नाही. एकतीस वर्षं वर्गात बोलत होते, पण या गोष्टीला माझं तोंड उघडत नाही हे मला आता कळलंय.

मार्को आज दुपारी दोन वाजता आला. बस बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, कुणा ट्रकवाल्याने पेट्रोल पंपावर सोडलं. तिथून आपला चालत आला, रिंकच्या पुढे डावीकडे, तिसरं घर. रस्ता बरोबर आठवला त्याला. मी दार उघडलं. कानशिलावर केस पांढरे, बोटांची पेरं सगळी वाकडी, खांद्यावर बॅग. म्हणाला, 'बाई, उशीर झाला, बस चुकली. सराव उद्यापासून ना?'

आधी वाटलं चेष्टा करतोय. मग म्हणाला, 'आर्व्हिड रिंकवर आहेत का?' तेव्हा कळलं.

मी त्याला खुर्चीत बसवलं, दूध दिलं आणि लेस्या, फोनकडे गेले. तुझा नंबर अजून भिंतीवर आहे, कागद पिवळा पडलाय. पहिल्याच घंटीला तू उचललास, दोन दिवस त्याला शोधत होतीस म्हणून. मी म्हटलं, 'मी व्हेर्ना. मार्को माझ्याकडे आहे, त्याचं डोकं ठीक नाही.' हे वाक्य मी एकोणीस वर्षं आठ महिने उशिरा बोलले.

आता ते सांगते. २०१५ च्या पत्रात लिहिलेलं खोटं होतं. बरं झालं तू ते उघडलं नाहीस.

त्या शनिवारी कोणाचं तरी कोपर त्याच्या कानशिलावर बसलं आणि तो बर्फावर आडवा झाला. स्वतःच उठला. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी आला तो आमच्या भांडी धुवायच्या जागेत ओकला. सामना कोण जिंकलं ते तीनदा विचारलं. आर्व्हिडचे बूट घातले, ते मोठे होतात म्हणून रडायला लागला. आर्व्हिड उठले आणि फोन उचलून तुझा नंबर फिरवायला लागले. मी फोनवर हात ठेवला. म्हटलं, 'मंगळवारपर्यंत थांबा. दोनच दिवस.' त्यांनी फोन ठेवला आणि ते बाहेर गेले. त्यानंतर शेवटच्या वर्षापर्यंत त्या गोष्टीबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत आणि तुझ्याशीही बोलले नाहीत. तो माझा दोष, त्यांचा नाही.

मार्कोने माझे पाय धरले नव्हते. सांगू नका, असंही तो म्हणाला नाही. तो म्हणाला, 'बाई, आईला फोन लावा ना.' दोनदा म्हणाला. मी म्हटलं, उद्या लावू.

आणि रविवारी, ज्या दिवशी तू फोन केलास आणि तो झोपलाय असं मी तुला सांगितलं, त्या दिवशी तो झोपला नव्हता. पडदे लावलेल्या खोलीत मी त्याच्या कॉटवर बसून त्याच्याकडून महिने म्हणून घेत होते. जुलैपाशी येऊन त्याचं गाडं थांबायचं. दुखतंय म्हणायचा. मी म्हणायचे, पुन्हा डिसेंबरपासून. सोमवारी ट्रेनर आला तेव्हा पोरगं घडाघडा म्हणून गेलं, कारण मी शिकवलं होतं. मी फार चांगली शिक्षिका होते, लेस्या. माझा विद्यार्थी नापास झाला नाही.

का केलं, ते मी कित्येक वर्षं 'त्याच्यासाठी' असं स्वतःला सांगत आले. त्याच्यासाठी नव्हतं. नऊ मुलं बसने परत गेली होती. मला एक तरी टीव्हीवर बघायचा होता. पोस्टातल्या बाईने ते वाक्य म्हणावं एवढ्यासाठी मी तुझा मुलगा मंगळवारी बर्फावर उभा केला. तुझ्या नवऱ्याचं काय झालं ते तू मला आधीच लिहिलं होतंस. म्हणजे मला माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही.

पहिल्या मारानंतर थांबला असता तर पुढचे चुकले असते का, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नसेल. पण तू त्याला घेऊन गेली असतीस. तो निर्णय तुझा होता आणि मी तो चोरला. माफी मागत नाही. तिसरीच्या मुलांनासुद्धा मी सांगत असे की मोडलेली वस्तू आधी दाखवायची, माफी नंतर. म्हणून ही दाखवते आहे.

आता आजचं सांगते, मग पुरे.

चार वाजता त्याला खायला घातलं. बटाटे केले होते. म्हणाला, 'कपडे कुठे गेले?' मी दुसरीकडे तोंड केलं. जेवून स्वतःच उठला आणि खुंटीवरचं फडकं घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला. खुंटी तीच आहे. दोघांच्या दोन ताटल्या झाल्या तरी तो हात पुढे करून थांबला, म्हणून मी बाकीच्या दहा कपाटातून काढल्या. मी काही विचारलं नव्हतं. त्याने आपलं सुरू केलं. डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर. एका ताटलीला एक. आज कोणतं साल आहे हे त्याला ठाऊक नाही, लग्न झालं होतं हे ठाऊक नाही, आर्व्हिड गेलेत हे मी दुपारपासून तीनदा सांगून तीनदा त्याला रडवलं आणि चौथ्यांदा रिंकवर आहेत म्हणाले. पण ऑगस्टनंतर जुलै आला, जूननंतर मे आला. एकदाही अडखळला नाही. इतकं पक्कं मी त्याच्या डोक्यात बसवलंय की बाकी सगळं गेलं तरी ते गेलं नाही. मी पुढची ताटली धुऊन त्याच्या हातात दिली.

जानेवारी म्हणून त्याने बारावी ताटली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, तिसरीतलं पोर बघतं तसं. म्हणाला, 'पास झालो का, बाई?'

मी म्हटलं, 'नाही, मार्को. नापास. तू मंगळवारी खेळणार नाहीस.'

मला वाटलं रागवेल. पण त्याचे खांदे खाली आले. ते एवढे मोठे खांदे. म्हणाला, 'खरंच नाही?'

'खरंच नाही. कोणाशी भांडायचं नाही. बसायचं.'

'आईला फोन लावलात?'

'लावला. निघालीय ती.'

'बरं झालं,' म्हणाला. मग फडकं नीट घडी करून खुंटीवर ठेवलं, सोफ्यावर जाऊन आडवा झाला आणि बूट न काढताच झोपला. आपण दोघी जिथे बसलो होतो तिथेच. एवढंच हवं होतं त्याला, लेस्या, तेव्हाही.

बूट मी काढले नाहीत. तू येऊन काढ. पुढचं दार नुसतं ओढून घेतलं आहे, घंटी वाजवू नकोस.

व्हेर्ना